गोळी बंद झाल्यावर

बिरड्याचं पातेलं घेऊन मी मागच्या दारानं आत शिरले, तेव्हा दादा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दाढीच्या ब्लेडनं गोळी कापत होता.

चष्मा कपाळावर सरकवलेला, जीभ दातांत धरलेली. गोळी ती केवढी, मुगाच्या डाळीपेक्षा जराशी मोठी. तिचे दोन तुकडे झाले. एक त्यानं वाटीत ठेवला, दुसरा उचलून मोरीत टाकला आणि वर नळ सोडला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

तो दचकला नाही. कोर्टात नाझर म्हणून उभी हयात घालवलेला माणूस. आपण करतो ते नियमातच बसतं अशी त्याची कायमची खात्री. "डोस कमी करतोय," तो म्हणाला.

"डॉक्टरांनी सांगितलाय?"

"डॉक्टर पुण्याला राहते. माझ्या घरात काय चाललंय ते तिला नाही दिसत, मला दिसतं."

"कधीपासून कापतोयस?"

"होळी झाल्यापासून."

मी पातेलं ओट्यावर आदळलं. होळी झाल्यापासून वहिनी मोरीच्या दारात अडकत होती. खुर्चीतून उठायला तिला दोन माणसं लागत होती. सकाळी कूस बदलता येईना म्हणून ती छताकडे बघत पडून राहायची, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आला, रोग पुढच्या पायरीवर आला. रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावताना मी देवाला बोल लावत होते. आणि हा इथं ब्लेड घेऊन बसला होता.

तेवढ्यात माजघराच्या उंबऱ्याशी पावलं वाजली आणि थांबली. वहिनी उभी होती. एक हात चौकटीला, पाय जागच्या जागी थुडथुडत होते, पुढे एकही पडत नव्हता.

"वन्सं," ती म्हणाली. तिचा आवाज त्या काळात इतका खाली गेला होता की कान जवळ न्यावा लागे. "पाय चिकटलेत."

मी माझं पाऊल तिच्या पावलापुढं आडवं ठेवलं. डॉक्टरांनी शिकवलेली युक्ती होती ती. पुढं काहीतरी ओलांडायचं दिसलं की अडलेला पाय उचलतो. तिनं माझं पाऊल ओलांडलं आणि आत आली.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे का, तुमची गोळी अर्धीच येतेय तुमच्या पोटात?"

तिनं टेबलावरचं ब्लेड बघितलं. दादाकडे बघितलं. चेहरा हलला नाही. त्या रोगात चेहरा हलतच नाही, आतून कितीही ढवळून निघालं तरी वर सगळं लिंपल्यासारखं सपाट. ती म्हणाली, "मला वाटलं, मीच कमी होत चालले."

दादा म्हणाला, "तुझ्याच भल्यासाठी केलं, चारू. तू तू राहिली नव्हतीस."

चारुशीलावहिनी महाडच्या आमच्या टिपणिसांच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. पुढे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, लग्न केलं नाही, मागच्या दोन खोल्यांत वेगळी चूल मांडली. पण अंगण एकच, त्यामुळे त्या घरातलं सगळं मला दिसत आणि ऐकू येत राहिलं. वहिनीच्या स्वभावाची आळीभर ख्याती होती. कधी आवाज चढला नाही, कधी हट्ट नाही, कधी कुठे जायचं म्हणाली नाही. डब्यांची झाकणं एका रेषेत, साड्यांच्या घड्या एका मापाच्या. ठरलेल्या दिवशी ठरलेलं कालवण. लोक आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायचे आणि त्या सुना मनातून तिला शिव्या घालत असणार.

तिला एकच बहीण, बेबी. बेबीनं श्रीवर्धनच्या दत्ताराम चोगलेशी लग्न केलं. कोळ्याचा मुलगा, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. दादानं त्या दिवशी जाहीर केलं की बेबीचं नाव या घरात निघणार नाही. आणि खरंच निघालं नाही. वहिनीची आई शेवटची काही वर्षं आमच्याकडेच होती, मुलगा नव्हता तिला. ती गेली तेव्हा तेराव्याला बेबी आली. दादा ओटीच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "इथं तुमचं कुणी नाही."

वहिनी आत वडे तळत होती. शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिनं झारा खाली ठेवला नाही. जमलेल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "काय समजूतदार आहे हो चारू! दुसरीनं आकांत केला असता." मला त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या, आणि खरं सांगायचं तर वहिनीच्याही.

साठी उलटल्यावर तिला कंपवात झाला. आधी नाकाला वास येईनासा झाला, मग अक्षर बारीक झालं, मग चालताना डावा हात हलेनासा झाला. त्याच सुमारास दादाला रविवारच्या पुरवणीत एक लेख सापडला. त्यात लिहिलं होतं की हा रोग होणारी माणसं बहुतेक मुळातच एका विशिष्ट स्वभावाची असतात: शिस्तीची, पापभीरू, अबोल, व्यसनाच्या वाटेला न जाणारी, नवं काही नको असणारी. दादानं तो कापून पाकिटात ठेवला. कुणीही भेटायला आलं की काढून वाचून दाखवायचा. "बघा, चारूचंच वर्णन! चांगल्या माणसांनाच होतो हो हा रोग." जणू तिला सरकारकडून मानपत्र मिळालं होतं. वहिनी शेजारी बसून ऐकायची. तिला काय वाटतं असं कुणीही, मी धरून, विचारलं नाही.

मग त्या हिवाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांनी जुन्या गोळीच्या जोडीला ही नवी गोळी दिली, आणि महिन्या-दीड महिन्यात घरातली हवाच पालटली. वहिनी सरळ चालू लागली. अंगणात येऊन माझ्याशी गप्पा मारू लागली. नातेवाइकांच्या नकला केल्या तिनं! मी तोंडाला पदर लावून हसले. दादाच्या आमटीला मीठ कमी पडलं तर "घ्या वरून," म्हणू लागली. हे सगळं मला फार आवडलं. दादाला नाही आवडलं.

पण दादाची बाजू अगदीच खोटी होती असं नाही. दारावर साडीवाला आला की वहिनी साड्या घेत सुटायची, एकाच नक्षीच्या, नायलॉनच्या, ज्या तिनं आधी हातातसुद्धा धरल्या नसत्या. मग एक समयावाला आला. कोनाडा समयांनी भरला. कुणी विचारलं की म्हणायची, "घ्याव्याशा वाटल्या." मीही जरा चरकले होते.

त्यातच बेबीच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. माझ्या नावानं, कारण दादाच्या हातात पडली तर फाटेल हे बेबीला ठाऊक होतं. मी ती वहिनीला दिली. तिनं वाचली, परत माझ्याच हातात दिली. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. भात वाढता वाढता वहिनी म्हणाली, "वैशाखात मी बेबीकडे जाणार आहे. पोरीच्या लग्नाला. मग आठ-पंधरा दिवस राहीन म्हणते."

दादाचा घास हातातच राहिला. "कोण बेबी?"

"माझी बहीण."

"चारू, तुला बरं नाहीये."

"इतकं बरं मला कित्येक वर्षांत नव्हतं."

दादा पानावरून उठला, हात धुतला आणि पाकिटातला तो लेख घेऊन आला. या वेळी त्यानं खालचा भाग वाचला. आजवर तो भाग त्यानं कुणाला वाचून दाखवला नव्हता. त्यात लिहिलं होतं की काही औषधांनी या रोग्यांचा तोल सुटतो. कुणी जुगार खेळतं, कुणी नको ती खरेदी करत सुटतं, कुणी भलतंच वागू लागतं.

"बघ," तो मला म्हणाला. तिला नाही, मला. "ही बोलत नाहीये. गोळी बोलतेय."

त्या दिवसापासून वहिनीनं तोंड उघडलं की घरात गोळी बोलायची. तिला पंखा हवा असला तरी गोळी, नको असला तरी गोळी. बडोद्याहून मुलाचा फोन आला तर दादा त्याला सांगायचा, "आईचं काही मनावर घेऊ नकोस, औषधाचा अंमल आहे." तीस वर्षं ती बाई दगडासारखी गप्प बसली, तेव्हा ते आजाराचं लक्षण आहे असं कुणाला वाटलं नाही. तोंड उघडलं तर लगेच तपासणी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि त्यातून मग हे ब्लेड.

डॉक्टर मेधा पोंक्षे महिन्यातून एकदा महाडला येत. त्या शनिवारी मी वहिनीला घेऊन गेले. दादाही आला, उलट माझ्यापुढं चालत आला. डॉक्टर आपल्याच बाजूनं बोलणार अशी त्याची खात्री होती.

डॉक्टरांनी वहिनीला उठून चालायला सांगितलं. ती दोन पावलं चालली आणि वळताना अडकली. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मागच्या खेपेला तर छान चालत होतात. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"घेते ना," दादा म्हणाला.

"अर्धी," मी म्हटलं. "हा ब्लेडनं कापून अर्धी देतोय. तिला न सांगता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "टिपणीस, ही गोळी अशी एका दिवसात अर्ध्यावर आणायची नसते. एखाद्या सकाळी या बिछान्यातून उठूच शकल्या नसत्या. गिळताना घास अडकला असता. तुम्हाला कल्पना आहे?"

"मॅडम, तुम्हाला घरातली परिस्थिती ठाऊक नाही," दादा म्हणाला आणि पाकीट काढलं. लेख टेबलावर पसरला. साड्या सांगितल्या, समया सांगितल्या. मग आवाज खाली आणून, एखादा गुन्हा सांगावा तसा, श्रीवर्धन सांगितलं.

डॉक्टरांनी लेखावरून नजर फिरवली. "साड्यांचं मला आधीच कळवायला हवं होतं तुम्ही. ते या गोळीनं होऊ शकतं, ते मी मान्य करते." मग त्या वहिनीकडे वळल्या. "साड्या का घेतल्यात, चारुशीलाबाई?"

"तिला काय सांगता येणार," दादा म्हणाला.

"मी त्यांना विचारलंय."

वहिनी बोलली. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून ऐकायला वाकल्या. "घ्याव्याशा वाटल्या. हाताला आवरच नव्हता. मग उघडून बघितल्या तर त्यातला एकही रंग मला आवडत नव्हता."

"आणि बहिणीकडे जायचं?"

वहिनी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मी मनात म्हणत होते, बोला वहिनी, सांगा की ते माझं आहे, आयुष्यभराचं आहे. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

"मला ते माझंच वाटतंय," ती म्हणाली. "पण साड्याही घेताना माझ्याच वाटल्या होत्या."

दादानं टेबलावर हात आपटला. "ऐकलंत? स्वतःच कबूल करतेय. माझी बायको अशी नाही, मॅडम. पस्तीस-चाळीस वर्षं बघतोय मी तिला. या लेखात जे वर लिहिलंय ना, शांत, शिस्तीची, ती माझी बायको. ही दुसरी आहे ती तुमच्या गोळीची."

डॉक्टर पोंक्षे तशा मवाळ बाई. पण त्या दिवशी त्यांचा आवाज बदलला. "हा लेख तुम्ही इतक्या वेळा वाचलात तर एक गोष्ट सांगते. ही माणसं आधीपासून अबोल, धोका न पत्करणारी असतात असं अनेकांना आढळलंय. सगळ्यांना नाही, आणि पक्कं सिद्ध झालंय असंही नाही. पण ज्यांना ते पटतं त्यांच्यापैकी काही जण काय म्हणतात ठाऊक आहे? हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी हा रोग मेंदूत शिरलेला असतो. तो अबोलपणा म्हणजे कदाचित रोगाचीच सुरुवात असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे आताची बायको तुम्ही गोळीच्या नावावर घालत असाल, तर तुमची ती आवडती, शांत बायको रोगाच्या नावावर घालावी लागेल. मग यांच्या स्वतःच्या नावावर काय उरलं?"

दादा लेखाची घडी घालू लागला. वहिनी डॉक्टरांकडे वळली. तिनं इतक्या हळू विचारलं की डॉक्टरांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

"मग यातली मी कोणती, ते कसं कळायचं?"

"ते मला नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्याकडे त्याचं यंत्र नाही. पण साड्यांमुळे तरी मला ही गोळी काढायलाच हवी. हळूहळू काढू, जुनी थोडी वाढवू. चालणं थोडं मंदावेल, आताइतकं अडणार नाही. महिन्याभरात गोळी अंगातून पूर्ण गेलेली असेल. त्यानंतर तुम्हाला जे वाटेल, ते गोळीचं असं तरी कुणी म्हणू शकणार नाही." मग त्या दादाकडे वळल्या. "आणि ब्लेड दाढीला वापरा."

दादा बाहेर आला तो जिंकल्याच्या थाटात. शेवटचं वाक्य त्यानं ऐकलंच नसावं. त्याच्या लेखी निकाल एवढाच होता, की गोळी बंद.

गोळी कमी होत गेली तशी वहिनी मिटत गेली. साडीवाला येऊन गेला, तिनं मान वर करून बघितलं नाही. समया तिनं मोलकरणीकडून पुसून घेतल्या आणि देवळात देऊन टाकल्या. नकला थांबल्या. अंगणात येणं थांबलं. खिडकीशी बसायची, हातावर हात, चेहरा सपाट. जुन्या गोळीच्या जोरावर सावकाश चालायची, दारात थोडी अडायची, माझं पाऊल ओलांडून पुढे जायची. दादा तिच्याशी इतका प्रेमानं वागू लागला की मला बघवेना. स्वतः चहा करून द्यायचा. शाल पांघरायचा. मुलाला फोनवर सांगायचा, "आई पहिल्यासारखी झाली रे." पहिल्यासारखी! म्हणजे भिंतीसारखी. हे बोलताना त्याच्या आवाजात केवढं समाधान असायचं.

बेबीचं नाव पुन्हा निघालं नाही. गोळी पूर्ण बंद होऊन पंधरवडा उलटला, तरी नाही. लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन बसले. "वहिनी, परवा लग्न आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. मी उठून माझ्या खोलीत आले आणि भांडी घासताना मुद्दाम आपटून आपटून घासली. दादाचा राग होताच; त्यात तिचाही आला. वाटलं, दादा म्हणाला तेच खरं निघालं. गोळीच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं अंगणात उतरत होती, मला दादाचा आवाज ऐकू आला. "हे काय?"

मी ओटीवर गेले. वहिनी दारात उभी होती. अंगावर मोतिया रंगाची इंदुरी साडी, तिची स्वतःची, जुनी. निऱ्या जरा वाकड्यातिकड्या. कुणाची मदत न घेता नेसली होती, पहाट झाल्यापासून नेसत असणार. हातात कापडी पिशवी. पाय उंबऱ्याच्या आत अडलेले. थुडथुड चालली होती पायांची, आणि ती खाली मान घालून त्यांच्याकडे बघत होती, जसं एखाद्या हट्टी मुलाकडे बघावं.

"कुठे?" दादानं विचारलं.

"श्रीवर्धनला."

दादा माझ्याकडे वळला. "कुंदे, तिची ती गोळी बंद आहे ना? तू तर नाही देत गुपचूप?"

तिनं तोंडानं उत्तर दिलं होतं आणि हा मला विचारत होता. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "बंद आहे. म्हणून तर थांबले होते."

"म्हणजे काय?"

"तुम्हाला बघायचं होतं, मलाही बघायचं होतं. साड्या गेल्या. समया गेल्या. वाटलं, हेही जातंय का बघू." तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. एवढं लांब ती महिनाभरात बोलली नव्हती. "रोज सकाळी उठले की आधी तेच चाचपून बघायची. आहे का अजून? होतं. आजही आहे."

दादा खुर्चीतून उठला. "चारू, असल्या पायांनी कुठं जाणार तू? वाटेत पडलीस म्हणजे?"

"पडेन."

"लोक काय म्हणतील, एवढ्या वर्षांनी..."

"अहो," वहिनी म्हणाली, आणि तो आवाज इतका हलका होता की दादाला नाइलाजानं जवळ यावं लागलं. "गोळी होती तेव्हा मी सांगितलं, तर गोळी बोलतेय म्हणालात. गोळी नाही, तर पाय नाहीत म्हणता. मी जायचं तरी कधी?"

दादा उंबऱ्याबाहेर, ती आत. तो तसाच वाटेत उभा राहिला. बाजूला झाला नाही. मला त्या क्षणी त्याला ढकलून द्यावंसं वाटलं, सख्ख्या भावाला. पण त्याची गरज पडली नाही. वहिनीनं त्याच्या पायांकडे बघितलं. त्याचं पाऊल बरोबर तिच्या पावलापुढं, आडवं पडलेलं होतं. तिनं पाय उचलला, ते ओलांडलं, आणि ती ओटीवर आली.

मी नाक्यावरून जीप ठरवून आणली. ती येईपर्यंत वहिनी पायरीवर बसून राहिली आणि दादा आत पंख्याखाली. आम्ही निघालो तेव्हा तो बाहेर आला नाही.

वहिनी वारली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवसानंतर तिनं गोळ्यांचा डबा स्वतःच्या उशाशी ठेवला, शेवटपर्यंत. दादा नव्वदीला टेकलाय. ती गोष्ट निघाली की अजूनही म्हणतो, "गोळीचा अंश उरला असणार तिच्या अंगात. त्या डॉक्टरणीनं नीट काढलीच नाही." पूर्वी मी भांडायची. हल्ली उठून माझ्या खोलीत येते.

त्या दिवशी माणगाव, म्हसळा करत आम्ही दुपारी श्रीवर्धनला पोचलो. चोगल्यांच्या दारात मांडव पडलेला, हळदीची गडबड, कुणीतरी बँडवाल्यांना सरबत देत होतं. जीप थांबली तशी दारातली बाई डोळ्यांवर हात धरून बघू लागली. केस पांढरे, नाकात चमकी, हात कोपरापर्यंत पिवळे. मीच तिला ओळखायला वेळ लावला. तिनं मात्र लगेच ओळखलं. मांडवातून धावत आली ती, आणि जीपपाशी येऊन एकदम थबकली.

वहिनी माझा हात धरून खाली उतरली होती. ताठ उभी होती, चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. ना हसू, ना पाणी. बेबीनं त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. वहिनीच्या रोगाचं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "अजून राग आहे गं तुझ्या मनात?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की राग नाही, हा रोग आहे, हा मुखवटा तिचा नाही, ही बाई आतून रडतेय. इतक्या वर्षांनी ती येते आणि तिचा चेहरा तिच्याविरुद्ध साक्ष देतो, ही कसली क्रूर चेष्टा! मी तोंड उघडलंही. पण वहिनीनं माझा हात दाबला.

"चेहऱ्याकडे बघू नकोस, बेबी," ती म्हणाली. "तो माझं ऐकत नाही आता. मला विचार."

बेबी आणखी जवळ आली. कान तिच्या तोंडाशी नेला. "काय विचारू?"

"काहीही विचार. कुणी विचारलंच नाही कधी."

बेबीनं हळदीचे हात तसेच तिच्या गालांवर ठेवले आणि विचारलं, "जेवलीस?"

"नाही," वहिनी म्हणाली. "भूक लागलीय."